कोपऱ्यावरचा इराणी आणि कडेवरचे मूल

साठोत्तरी लघुनियतकालिकांची चळवळ शिकवताना इराण्याच्या हॉटेलाचा उल्लेख येतोच. संगमरवरी टेबले, गोल पाठीच्या काळपट खुर्च्या, एका चहावर दोन-दोन तास रंगणाऱ्या चर्चा आणि गल्ल्यावर बसून या मंडळींकडे काणाडोळा करणारा मालक, हे चित्र आम्हांला आमच्या शिक्षकांकडून मिळाले आणि आम्ही ते पुढे देत आलो. आम्ही दोघेही मराठीच शिकवतो, त्यामुळे घरात हे चित्र दोनदा रंगते. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाचा तास संपल्यावर एम.ए.ची एक विद्यार्थिनी थांबली आणि तिने विचारले, ‘‘सर, हे सगळे लेखक तिथे बसलेले असायचे, तेव्हा त्यांची मुलं कुठे असायची?’’ ती स्वतःचे वर्षाचे मूल सासूबाईंकडे ठेवून तासाला येत असे. प्रश्नात उपरोध नव्हता, खरीखुरी जिज्ञासा होती, आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पहिले उत्तर अर्थातच ‘घरी’ हे. त्याचा पुरावा त्याच अभ्यासक्रमात थोडा पुढे आहे. मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन १९८४ साली प्रसिद्ध झाले. चळवळीतल्या कवीच्या घरात तान्हे मूल घेऊन दिवस काढणे म्हणजे काय, हे ज्यांनी त्यात वाचले आहे त्यांना टेबलावरच्या चर्चेची दुसरी बाजू वेगळी सांगावी लागत नाही. पण ‘घरी’ हे उत्तर पुरेसे नाही. काही मुले त्याच हॉटेलात होती. वाङ्मयेतिहासाच्या नजरेला ती पडली नाहीत, कारण तो समोरच्या टेबलावर बसला होता आणि मुले मागच्या बाजूला होती.

इराण्यांच्या हॉटेलांचा इतिहास आता बराच लिहिला गेला आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यझ्द, केरमान या भागांतून जरथुश्ती आणि काही मुसलमान इराणी मुंबईत आले. सतराव्या-अठराव्या शतकांतच स्थिरावलेल्या पारश्यांच्या मानाने ही माणसे उशिरा आलेली आणि गरीब. त्यांनी चहाची दुकाने काढली. धोबीतलावजवळचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोड स्टेशनसमोरचे मेरवान १९१४ चे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे, पुण्यात डेक्कनवरचे गुडलक १९३५ चे. हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानीत आणि म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, कोपऱ्यामुळे हॉटेलाला दोन रस्ते मिळाले, उजेड मिळाला, आणि आत कोण बसले आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना दिसू लागले. आमच्या विषयाच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

चहाच्या दुकानातून लोकमत घडते, हा विचार आमच्या अभ्यासकांनी युर्गेन हाबरमासकडून घेतला. त्याच्या १९६२ च्या ग्रंथात अठराव्या शतकातल्या लंडनची कॉफीगृहे येतात. त्या कॉफीगृहांची मालकीण किंवा वाढपीण स्त्री असू शके, गिऱ्हाईक मात्र बहुधा पुरुष असे. १६७४ साली लंडनमधल्या स्त्रियांच्या नावाने कॉफीच्या विरोधात एक विनोदी अर्जही छापला गेला होता. हाबरमासने रंगवलेल्या या सार्वजनिक क्षेत्रातून स्त्रिया कशा वगळल्या गेल्या, यावर नंतर पुष्कळ टीका झाली. मूल मात्र त्या टीकेतही फारसे आलेले नाही. आणि लंडनचा हिशेब मुंबईला लागूही पडत नाही, कारण आपल्याकडे बाहेर चहा पिणे हाच एक धर्मसंकटाचा विषय होता.

ऑक्टोबर १८९० मधले पुण्याचे पंचहौद मिशनचे चहापान वाचकांना ठाऊक आहे. गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने शहरातली प्रतिष्ठित मंडळी मिशनमध्ये जमली, पुढे चहा-बिस्किटे आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हाती धरला. पुढे नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली आणि टिळक, रानडे यांच्यासह सर्वांवर ग्रामण्य आले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि त्याचा चटका घरातल्या स्त्रीला कसा बसला, हे रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये लिहून ठेवले आहे. एका कपाने एवढे घडू शकत होते. पावाची गोष्ट त्याहून अवघड. पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा वसईपासून गोव्यापर्यंत घरोघर सांगितल्या जात. त्या कथा ऐकत वाढलेल्या आजीच्या डोळ्यांदेखत नातू मस्का लावलेला पाव चोखतो, हा बदल दोन-तीन पिढ्यांत घडला. तो कसा घडला, याचा शोध घेताना आम्ही मुलापाशी येऊन पोहोचलो.

धर्मशास्त्रात मुलाला एक विलक्षण सवलत आहे. मुंज होण्यापूर्वी मुलाने कसेही वागावे, काहीही बोलावे, काहीही खावे, त्याला दोष लागत नाही, असे गौतम धर्मसूत्र सांगते. (मुंजीचा अधिकार नसलेल्या जातींचे आणि सगळ्या मुलींचे काय, हा प्रश्न सूत्रकाराला पडलेला नाही. तो आपल्याला पडावा.) व्यवहारात ही सवलत मुलामुलींना सरसकट मिळत असे. ‘लहान आहे, चालतं’ हे वाक्य सोवळ्याओवळ्याच्या घरांतूनही ऐकू येई. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने इराण्याच्या दुकानातले सर्वांत निर्दोष गिऱ्हाईक कोण, तर दोन वर्षांचे पोर. त्याला भूक लागली, ते रडू लागले, तर त्याला पावाचा तुकडा देण्यात पाप नव्हते. आणि दोन वर्षांचे पोर एकटे हॉटेलात जाऊ शकत नाही, त्याला कडेवर घेऊन कुणीतरी आत जावे लागते.

आमच्यापैकी एकीची आई १९६० च्या दशकात गिरगावात लहानाची मोठी झाली. तिच्या सर्वांत जुन्या आठवणींपैकी एक इराण्याच्या हॉटेलातली आहे. हरकिसनदास हॉस्पिटलच्या बाजूला कुणा नातेवाइकाला भेटायला गेले की परतताना आजी तिला घेऊन कोपऱ्यावरच्या इराण्याकडे शिरत असे. समोरच्या टेबलांवर बसण्याचा प्रश्नच नव्हता. गल्ल्यावरचा मालक आजीकडे न बघताच हाताने मागचा रस्ता दाखवी. मागे लाकडी फळ्यांच्या आडोशाची खोपटी होती, दाराला अर्धा पडदा. आत दोन बाके, मध्ये टेबल. आजी मुलीपुरता मस्कापाव आणि एक चहा मागवी. चहा बशीत ओतून, फुंकून, त्यात पावाचा तुकडा बुडवून मुलीला भरवी. स्वतः काही घेत नसे. हे बहुधा दोन वर्षे चालले. मग एकदा मुलीने पाहिले की उरलेला चहा आजीने कपातून पिऊन टाकला आणि पदराने ओठ पुसले. ‘‘घरी सांगू नकोस हो,’’ एवढेच ती म्हणाली. आईला आठवते ते इतकेच, आणि पडद्याखालून दिसणारे पुरुषांचे बूट आणि चपला.

ही त्या काळच्या ‘फॅमिली रूम’ची गोष्ट. कुठे ती मागच्या बाजूला असे, कुठे माळ्यावर, कुठे दोन-चार केबिनी असत. इराण्यांकडेच नव्हे, तर उडपी हॉटेलांतून आणि तालुक्याच्या गावच्या उपाहारगृहांतूनही ती होती. दारावर मराठीत ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय’ अशी पाटी असे. या शब्दाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. जुन्या मराठीत ‘आमचे कुटुंब’ म्हणजे बायको, हे सर्वांना माहीत आहे. इंग्रजी शब्द आला तेव्हा त्यानेही तोच अर्थ अंगावर घेतला. ‘आमची फॅमिली गावाला गेली आहे’ असे म्हणणारा गृहस्थ एकट्या पत्नीविषयी बोलत असे. तेव्हा ‘फॅमिली रूम’ हे कुटुंबाने एकत्र बसण्याचे दालन नव्हते. बायकांना बसवण्याची ती जागा होती, आणि तिला ‘लेडीज रूम’ न म्हणता ‘फॅमिली’ म्हणण्यात एक अट दडलेली होती. बाई कुणाची तरी फॅमिली असली पाहिजे. नवरा बरोबर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर पुरावा लागे, आणि कडेवरचे मूल हा निर्विवाद पुरावा होता. एकटी बाई आत आली तर नजरा वळत. तीच बाई लेकुरवाळी असेल तर मालक स्वतः वाट दाखवी. मूल हा तिचा परवाना होता, आणि परवान्याची किंमत म्हणजे तो पडदा.

या खोलीची टिंगल करणे सोपे आहे. चोरून भेटणाऱ्या प्रेमिकांनी तिचा केलेला उपयोग तर सगळ्यांनाच आठवतो. पण अंगावर पिणारे मूल घेऊन दोन बस बदलून निघालेल्या बाईला पंख्याखाली दहा मिनिटे बसता येईल, मुलाला पाजता येईल, दुपटे बदलता येईल, अशी दुसरी कुठली जागा या शहरात होती? देऊळ होते, पण तिथे विटाळाचा प्रश्न. स्टेशनवरचा बायकांचा प्रतीक्षालय होता, पण त्यासाठी तिकीट हवे. तो पडदा कोंडणाराही होता आणि आसरा देणाराही. यातले कोणते एकच खरे मानायचे, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही.

इराण्याच्या हॉटेलातल्या नियमांची पाटी नामवंत आहे. धोबीतलावच्या बास्तानीमधल्या पाटीवरून निस्सिम इझिकेल यांनी एक कविताच केली. अशा पाट्यांत काय काय करू नये, हे लिहिलेले असे. मुलाला आणू नये, असा नियम असलेली जुनी पाटी आमच्या पाहण्यात नाही. नियम जातीचा होता, आणि तो पाटीवर न लिहिताही पाळला जाई. ‘ब्राह्मणांचे उपाहारगृह’, ‘हिंदू हॉटेल’ अशी नावे केवळ पदार्थांची जात सांगत नव्हती. कित्येक गावांत अस्पृश्यांसाठी कप वेगळे होते आणि बाहेर उकिडवे बसून चहा प्यावा लागे. त्या मानाने इराण्याकडे बहुधा सर्वांना तोच कप, तीच बशी. आजीला इराण्याकडे जाण्याचा संकोच वाटे, त्याच्या कारणांत हेही एक कारण असणार, हे आम्ही आईला विचारलेले नाही, पण आम्हांला ते ठाऊक आहे.

संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाकडे या दृष्टीने पाहावे. त्याच्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश करताना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला आडकाठी होता कामा नये, असे म्हटले आहे. जातीच्या ओळीत लिंगही आहे, हे आपण सहसा विसरतो. आणि लगेच तिसऱ्या खंडात स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची मोकळीक दिली आहे. ती राज्याला दिली आहे, हॉटेलमालकाला नव्हे. वयाचा उल्लेख दुसऱ्या खंडात नाही. मुलाला दारातून परत पाठवले, तर तो भेदभाव ठरेल की नाही, हा प्रश्न १९५० साली कुणाला सुचणेही कठीण होते, कारण तेव्हाच्या हॉटेलात मूल नको असे म्हणणारा मालक वेडा ठरला असता. त्याच्याकडे कामाला असणाऱ्यांतही मुले असत.

हे हॉटेलातले दुसरे मूल. टेबल पुसणारा, ओल्या फडक्याने संगमरवरावर अर्धवर्तुळे काढणारा, एका हातात पाच-सहा ग्लास धरून धावणारा पोऱ्या. त्याला नाव नसे. बारक्या, छोटू, नाहीतर नुसते ‘ए’. मीरा नायर यांच्या १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे’मध्ये चहा पोचवणाऱ्या मुलाला ‘चायपाव’ असेच म्हणतात, माल आणि माणूस एकच. १९८६ चा बालकामगार कायदा आला, तरी हॉटेलांतली कामे त्याच्या प्रतिबंधित यादीत नव्हती. चौदा वर्षांखालील मुलांना ढाबे, हॉटेले, चहाच्या टपऱ्या आणि घरकाम यांत ठेवण्यास बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. म्हणजे ज्या दशकांतल्या साहित्यिक गप्पांची आपण पारायणे करतो, त्या साऱ्या दशकांत चहा आणून देणारे मूल तिथे होतेच. पडद्याआड बशीतून चहा पिणारी चार वर्षांची मुलगी आणि तोच कप उचलून नेणारा नऊ वर्षांचा मुलगा यांची नजरानजर झाली असेल. आईला तो आठवत नाही. आम्ही तिला दोनदा विचारले.

खाणावळीत आणखी वेगळा प्रकार होता. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांच्या खाणावळी घरातच चालत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच बायकांचे. त्या दहा बाय बाराच्या खोलीत पाहुणे मूल कोणतेच नव्हते. मूल घरमालकच होते. पाट मांडले जात तेव्हा त्याला उचलून बाजूला करावे लागे. जेवायला आलेला बाप्या त्याच्या हाती भाकरीचा तुकडा देई, कारण त्याचे स्वतःचे मूल गावी होते.

खिडकीतून बाहेर पाहिले तर आणखी एक मूल दिसते. अरुण कोलटकर काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये नेमाने बसत आणि तिथून दिसणारा चौक त्यांच्या २००४ च्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आला. त्यातल्या ‘द ओग्रेस’मध्ये भाजलेल्या चेहऱ्याची, रस्त्यावरच राहणारी एक बाई एका पोराला धरून, घासून-पुसून आंघोळ घालते. ते मूल तिचे आहे की नाही, याला महत्त्व नाही. काचेच्या आत बसलेल्या कवीने बाहेरच्या मुलाची अंघोळ इतक्या बारकाईने पाहावी, ही मराठी माणसाच्या इंग्रजी कवितेतली मोठी गोष्ट आहे, असे आम्ही वर्गात सांगतो. आता त्याबरोबर हेही सांगतो की त्या मुलाला आत यायला दार नव्हते. दया पवार यांच्या ‘बलुतं’मधले (१९७८) मुंबईतले बालपण ज्या वस्तीत गेले तिचे नाव कावाखाना, म्हणजे शब्दशः कॉफीगृह. नाव राहिले होते, कॉफी कधीच गेली होती, आणि उरलेल्या जागेत माणसे मुलाबाळांसह राहत होती.

पडदे हळूहळू गेले. आता मुली एकट्या बसतात, पुस्तक उघडतात, संगणकावर काम करतात, त्यांना फॅमिली असण्याची गरज उरली नाही. ही आमच्या आयुष्यात घडलेली चांगली गोष्ट आहे. पण परवान्याची गरज संपली तशी परवान्याची पतही गेली. आमची मुलगी दीड वर्षाची असताना आम्ही घराजवळ नव्याने उघडलेल्या एका कॅफेत गेलो. तिने चमचा चारदा खाली टाकला आणि पाचव्यांदा टाकताना मोठ्याने हसली. तिथला तरुण अत्यंत अदबीने आला आणि म्हणाला, ‘‘मॅम, मागच्या बाजूला बसलात तर तुम्हांलाच मोकळं वाटेल.’’ मागची बाजू म्हणजे हात धुण्याचे भांडे आणि रिकामे खोके यांच्यामधले टेबल. आम्ही उठून गेलो. रागावण्याइतके काही घडलेही नव्हते, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला शांतपणे काम करण्याचा हक्क आहे, हे आम्हांलाही मान्य होते. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे घेऊन आम्हीही अशा जागा शोधल्या आहेत. कॉफी संपत आली तेव्हा आमच्या लक्षात आले की आम्ही नेमके फॅमिली रूमच्या जागी बसलो आहोत, फक्त पडदा नाही. पडदा नसल्यामुळे तिला तिथे पाजता आले नाही.

एस.टी.च्या स्थानकांवर आता हिरकणी कक्ष आहेत. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर घरच्या तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीचे नाव त्यांना दिले आहे. नाव देणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. दरवाजे वेळेवर बंद करणाऱ्या व्यवस्थेला मात्र त्या नावात जागा नाही. कक्ष कित्येक ठिकाणी कुलपात असतो. चावी मागावी लागते, आणि चावी देणारा नियंत्रक बहुधा पुरुष असतो.

मध्यंतरी आम्ही आईला घेऊन गिरगावात गेलो. तो इराणी आता नाही, त्या जागी औषधांचे दुकान आहे. म्हणून धोबीतलावला गेलो. नात आता नऊ वर्षांची आहे. तिला खारी आणि मावा केक दोन्ही हवे होते. पुढचे, रस्त्याला लागून असलेले टेबल रिकामे होते आणि ती धावत तिथेच जाऊन बसली. आई तिच्यासमोर बसली. आमचा चहा आला. आईने सवयीने तो बशीत ओतला आणि बशी नातीकडे सरकवली. ती म्हणाली, ‘‘आजी, मी कपातून पिते.’’ मग तो बशीतला चहा आईनेच प्यायला. येताना तिने खुर्ची थोडी वळवून घेतली होती, ते आम्हांला निघताना दिसले. ती पूर्ण वेळ रस्त्याकडे पाठ करून बसली होती.